उकिरडा ते घंटागाडी: आपल्या गावच्या कचऱ्याचा इतिहास



आज कचऱ्याविषयी बोलायचं आहे. विषय ऐकून कुणी रेडिओचा कान पिळू नका. आपल्या वऱ्हाडात कचऱ्याला मोठा इतिहास आहे. त्यात संत आहेत, शास्त्रज्ञ आहेत, आपल्या शेजारच्या पुसदचे एक काका आहेत आणि पुण्याच्या कागद-काच वेचणाऱ्या बायाही आहेत. हा इतिहास माहीत करून घ्यायचं कारण अगदी आजचं आहे. गावोगावी घनकचरा व्यवस्थापनाचे आराखडे तयार होत आहेत आणि ‘हे काम बचत गटाकडे द्या’ असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतं. होकार किंवा नकार देण्याआधी आपल्या आधी हे काम कुणी केलं, कसं केलं आणि त्यांच्या हातात काय पडलं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

उकिरड्याचा काळ

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. दिवाळीत जुन्या बाया एक पणती उकिरड्यावरही ठेवायच्या. आज कचरा टाकायच्या जागेवर दिवा लावायचं कुणाच्या मनात येईल का? तेव्हा यायचं, कारण उकिरडा ही घरची ठेव होती. गोठ्यातलं शेण, बैलांच्या पुढचं उरलेलं कुटार, चुलीची राख, अंगणातला केर, भाजीची देठं हे सगळं त्यात पडायचं. उन्हाळ्यात बंडी भरून ते शेतात जायचं. उकिरडा कुणाचा हे गावाला माहीत असायचं, आणि दुसऱ्याच्या उकिरड्यातलं खत उचललं तर भांडण व्हायचं.

बाकीच्या वस्तूंचंही तसंच होतं. राखेनं भांडी घासायची, फाटक्या लुगड्याची गोधडी शिवायची, गोधडी फाटली की तिचं पोतेरं करायचं. जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडं घ्यायचं. लोखंडाचा तुकडा भंगारवाल्याला द्यायचा. ओला कचरा आणि सुका कचरा हे शब्द नव्हते, पण वस्तू आपसूक वेगळ्या होत होत्या, कारण प्रत्येक वस्तूचा पुढचा मालक ठरलेला होता.

पण तो काळ फार चांगला होता असं म्हणून मोकळं होता येणार नाही. त्या व्यवस्थेत दोन माणसांचे कष्ट कुणी मोजलेच नाहीत. एक म्हणजे घरची बाई. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्यावर रोज तीच जायची. दुसरे म्हणजे जातीमुळे ज्यांच्या माथी घाण मारली गेली ते लोक. मेलेलं जनावर ओढून नेणं, गावच्या कडेची घाण काढणं ही कामं ठराविक जातींवर लादलेली होती आणि त्या बदल्यात उष्टं अन्न किंवा मूठभर धान्य मिळायचं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितलं. घाणीचं काम आणि अपमान यांची बांधलेली गाठ सोडवायची ती हाक होती. आजही गावात ‘कचरा उचलायला माणूस पाहिजे’ असं म्हटलं की सगळ्यांच्या नजरा ठराविक वस्तीकडे वळतात. त्यामुळे कचऱ्याचा आराखडा करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

खराटा हातात घेतलेला संत

या गाठीला आपल्याच भागातल्या एका माणसानं हात घातला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट समाजात त्यांचा जन्म झाला. लहानपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरे इथे मामाच्या घरी गेलं. कारंज्याहून मूर्तिजापूर किती जवळ आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं.

बाबांची रीत साधी होती. गावात शिरले की आधी खराटा मागायचा. दिवसभर रस्ते, नाल्या, देवळासमोरची जागा झाडायची. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोकच उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता आपलं चुकतंय हे लोकांच्या तोंडूनच बाहेर पडायचं. सकाळी बाबा पुढच्या गावी निघून जायचे. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगाव इथे पेढी नदीच्या काठी प्रवासातच त्यांचा देह पडला.

आपण त्यांच्याकडून काय घ्यायचं? बाबांनी खराटा हातात घेतला, तेव्हा झाडणं हे हलकं काम नाही हे हजारो माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. पण खराट्यानं गोळा झालेला केर पुढे कुठे जाणार, हा प्रश्न गावालाच सोडवायचा होता. बाबा एका दिवसासाठी यायचे, गावात कचरा मात्र रोज तयार व्हायचा.

तो पुढचा विचार राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मांडला. यावलीला १९०९ मध्ये जन्मलेल्या महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये लोकांसमोर आली. तिच्यात ‘ग्रामशुद्धी’ आणि ‘ग्राम-आरोग्य’ असे स्वतंत्र अध्याय आहेत. स्वच्छता, आरोग्य, शेती, शिक्षण, गावातला एकोपा हे सगळं महाराजांनी एकाच गावाच्या कारभारात एकत्र बसवलं. आज सरकारी कागदावर ‘एकात्मिक नियोजन’ असा जड शब्द येतो. आपल्या विदर्भातल्या बाया तो विचार ग्रामगीतेच्या वाचनातून कधीच्या ऐकत आल्या आहेत.

इंदूरची रास आणि पुसदचं टाकं

आता खताकडे वळू. आपला उकिरडा चांगला खरा, पण त्यात एक खोट होती. उघड्यावरच्या ढिगाला ऊन लागतं, पावसाचं पाणी त्यातून वाहून जातं, आणि खताचा कस अर्ध्यावर येतो. हे शेतकऱ्यांना अनुभवानं माहीत होतं. त्यावर शास्त्रीय काम झालं ते होळकरांच्या इंदुरात. सर अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या संस्थेत काम केलं. संस्था होती कापसाच्या संशोधनाची. कापूस म्हटला की पऱ्हाटी आलीच. पऱ्हाटी लवकर कुजत नाही. हॉवर्ड यांनी ती रस्त्यावर पसरून ठेवायला लावली. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली ती चिरडली की मग खताच्या राशीत घालायची. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओलावा ठेवायचा, रास अधूनमधून उलटायची. साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये यशवंत वाड या सहकाऱ्यासोबत त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. हॉवर्ड स्वतः कबूल करत की आपण हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांकडून शिकलो.

पण इंदूर पद्धतीत रास उलटण्याचे कष्ट होते आणि शेणही बरंच लागायचं. ज्याच्या गोठ्यात एकच गाय, त्यानं काय करायचं? याचं उत्तर आपल्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला सापडलं. ना. दे. पांढरीपांडे हे तिथले शेतकरी, गांधी विचारांचे कार्यकर्ते. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना सगळे ‘नाडेपकाका’ म्हणू लागले आणि त्यांच्या खताच्या पद्धतीलाही ‘नाडेप’ हेच नाव पडलं. वर्षानुवर्षं स्वतःच्या शेतात प्रयोग करून त्यांनी ती बसवली.

पद्धत अशी. आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असं विटांचं टाकं बांधायचं. चारही भिंतींना मधूनमधून भोकं ठेवायची, म्हणजे हवा खेळते आणि रास उलटावी लागत नाही. आतून शेणमातीनं लिंपायचं. मग साधारण सहा इंच काडीकचरा, त्यावर पाण्यात कालवलेलं शेण, त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थरावर थर. एका टाक्याला चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा लागतो, साडेसतराशे किलोच्या आसपास माती लागते, आणि शेण? नव्वद ते शंभर किलो पुरतं. टाकं एक-दोन दिवसांत भरून वर घुमटासारखं करायचं आणि शेणमातीनं बंद करायचं. पंधरा-वीस दिवसांत रास खाली बसते, ती पुन्हा भरून लिंपायची. भेगा बुजवायच्या, ओलावा टिकवायचा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं. वर्षाला तीनदा टाकं भरता येतं.

मैत्रिणींनो, सोयाबीनचं कुटार, तुराट्या आणि पाला-काडी धुऱ्यावर पेटवून देताना हे आकडे आठवा. आपण ज्याला कचरा म्हणून काडी लावतो, त्यातून पुसदच्या काकांनी शंभर किलो शेणात टनांनी खत करून दाखवलं. नाडेपचं टाकं रोजगार हमीतून बांधता येतं. राज्य सरकारच्या डिसेंबर २०२० च्या ग्राम समृद्धी योजनेतही गोठा आणि शेळ्यांच्या शेडसोबत नाडेप कंपोस्टचा समावेश आहे.

प्लास्टिक आलं आणि साखळी तुटली

एवढं सगळं असताना गाव घाण का झालं? कारण कचराच बदलला. पूर्वी गावात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या वस्तू कुजणाऱ्या, जळणाऱ्या किंवा विकल्या जाणाऱ्या होत्या. मग शाम्पूच्या पुड्या आल्या, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, पातळ पिशव्या, थर्माकोलच्या पत्रावळी, लहान बाळांचे डायपर आणि आपले सॅनिटरी पॅड. यांना पुढचा मालकच नाही. शेतात गेलं तर कुजत नाही, भंगारवाला घेत नाही. उकिरड्यात प्लास्टिक मिसळलं तेव्हा खतही गेलं आणि उकिरड्याचा मानही गेला. तोच ढीग ‘घाण’ झाला. गायी-म्हशी पिशव्या गिळतात आणि नुकसान शेवटी आपलंच होतं.

२६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली. पाणी तुंबण्याच्या कारणांत पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांचीही चर्चा झाली आणि राज्यानं पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रानं व्यापक प्लास्टिकबंदी केली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ठराविक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. कायदे झाले, तरी बाजाराच्या दिवशी पिशवी हातात पडतेच. म्हणजे बंदीच्या जोडीला गोळा करणारी आणि पुढे पाठवणारी साखळीही हवी.

पुण्याच्या बायांचा धडा

ती साखळी शहरात कुणी चालवली? कचरा वेचणाऱ्या बायांनी. पाठीवर पोतं घेऊन त्या कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचत आणि भंगारात विकत. पालिकेनं त्यांना काम दिलेलं नव्हतं, पगार नव्हता, आणि पोलीस चोर समजून हाकलत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या बायांसोबत काम करू लागल्या. घरातच ओला-सुका कचरा वेगळा करून मिळाला, तर उकिरड्यात हात घालावा लागणार नाही आणि मालही स्वच्छ मिळेल, हे लवकरच लक्षात आलं.

१९९३ मध्ये पुण्यात या कष्टकऱ्यांची परिषद भरली. डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढे महापालिकेनं मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली. ओळखपत्र म्हणजे ‘मी चोर नाही, मी शहराचं काम करते’ याचा पुरावा. मग ‘स्वच्छ’ ही कचरा वेचकांचीच सहकारी संस्था झाली. २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. घरोघरी जाऊन वेगळा केलेला कचरा घ्यायचा, प्रत्येक घराकडून महिन्याचं शुल्क घ्यायचं आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांनीच ठेवायचे.

आपल्या गटांनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात. काम करणारीचं नाव कागदावर असलं पाहिजे. कामाचा मोबदला ठरलेला असला पाहिजे. आणि मालाची विक्री कुणाच्या हातात, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. यातलं एकही नसेल, तर ते काम सेवा म्हणून सुरू होतं आणि बिगार म्हणून संपतं.

सरकारी योजनांची वाट

आता सरकारी बाजू थोडक्यात. २०००-०१ मध्ये, ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत स्पर्धा लागली. लोकांनी श्रमदान केलं, नाल्या काढल्या, भिंती रंगवल्या. पैसा कमी आणि लोकांचा हात जास्त, हे त्या अभियानाचं बळ होतं. मात्र बऱ्याच गावांत तपासणी समिती येऊन गेली की खराटे पुन्हा कोपऱ्यात गेले. बक्षिसासाठी केलेली स्वच्छता बक्षिसापुरतीच टिकते. ज्या गावांनी ती कराशी आणि सेवेशी जोडली, तिथे ती टिकली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीचं उदाहरण आपण ऐकलं असेल. कर भरणाऱ्या घराला पंचायतीच्या गिरणीतून दळण फुकट मिळू लागलं. कर वसूल झाला, आणि करातून सोयी चालल्या. कोकणात वेंगुर्ला नगर परिषदेनं, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचऱ्याचे वीसहून जास्त प्रकार वेगळे केले आणि जुन्या कचरा डेपोचं लोक पाहायला येतील असं ठिकाण केलं.

शहरांसाठी कचऱ्याचे नियम २००० मध्ये आले, २०१६ मध्ये ते नवे झाले. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा असे तीन भाग करायचे, वापरलेले पॅड वेगळे गुंडाळून द्यायचे, कचरा वेचकांना व्यवस्थेत सामील करून घ्यायचं, हे त्यात होतं. २०१६ च्याच प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी ग्रामपंचायतीवरही जबाबदारी टाकली. त्यानंतर २०२० मध्ये स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा आला आणि संडासानंतर घनकचरा व सांडपाणी हे विषय पुढे आले.

या टप्प्यातला पैशाचा हिशेब प्रत्येक बाईनं पाठ करावा. पाच हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये. पाच हजारांवरच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ४५ आणि सांडपाण्यासाठी ६६०. त्यातला तीस टक्के वाटा पंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. समजा आपलं गाव दोन हजार वस्तीचं आहे. घनकचऱ्यासाठी झाले एक लाख वीस हजार रुपये. त्यात खताची टाकी, कचरा वेगळा करायची शेड, एखादी तीनचाकी ढकलगाडी. पण हे पैसे एकदाच येतात. गाडी ढकलणारीला दर महिन्याला पैसे कुठून द्यायचे?

खरी अडचण इथेच आहे. बैठकांसाठी मी ज्या गावांत फिरते, त्यातल्या एका गावात शेड उभी आहे, पाटी रंगवलेली आहे आणि दाराला कुलूप आहे. गाडीत आता कुणाचं तरी कुटार भरलेलं असतं. दोन बायांनी चार महिने काम केलं, पैसे एका महिन्याचे मिळाले, आणि त्यांनी काम सोडलं. त्यांचं काय चुकलं?

आपण आराखडा कसा मागायचा

इतिहास पाहिला, तर टिकलेल्या प्रत्येक व्यवस्थेत तीन गोष्टी दिसतात. वस्तू घरातच वेगळी होते. वेगळ्या झालेल्या वस्तूला मालक असतो. आणि हाताला दाम असतो. उकिरड्यात पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती. पुण्याच्या बायांनी तिन्ही मिळवल्या. आपला आराखडा याच तीन कसोट्यांवर घासायचा.

आधी आठ दिवस मोजणी करा. गटातल्या दहा घरांनी ओलं, सुकं आणि पॅड-डायपर-औषधांच्या बाटल्या असं वेगळं ठेवायचं आणि काट्यावर वजन करायचं. बाजाराचा दिवस त्यात आलाच पाहिजे. गावाचा कचरा किती, हे अंदाजानं सांगणाऱ्यांपुढे आपली वही ठेवा.

ओला कचरा शक्यतो घराबाहेर जाऊच नये. ज्याचा गोठा आहे त्यानं आपल्या खड्ड्यात, ज्याला जागा नाही त्याच्यासाठी वस्तीत एक नाडेप. त्या टाक्यातलं खत कुणाचं, हे टाकं बांधायच्या आधी ठरवा. खत विकलं तर पैसे गटाच्या खात्यात की पंचायतीच्या, हे ठरावात लिहून घ्या.

सुका कचरा तालुक्यापर्यंत नेण्याची साखळी मागा. मिशनमध्ये तालुक्याला एक प्लास्टिक कचरा केंद्र, सोळा लाख रुपयांपर्यंत, अशी तरतूद आहे. आपल्या गावचं प्लास्टिक महिन्यातून किती वेळा, कुणाच्या गाडीतून तिथे जाणार, हे आराखड्यात नसेल तर तो आराखडा अर्धाच आहे.

मजुरीचा हिशेब मांडा. समजा चारशे घरं आहेत आणि प्रत्येकानं महिन्याला तीस रुपये दिले, तर बारा हजार होतात. त्यात दोन बायांचा अर्धवेळ मोबदला, हातमोजे, बूट आणि गाडीची डागडुजी बसते का, ते मांडून पाहा. बसत नसेल तर उरलेले पैसे पंचायत कशातून देणार, ते विचारा. वसुली मात्र पंचायतीनंच करावी. काम करणाऱ्या बाईला दारोदार पैसे मागायला लावू नका.

आणि काम कोण करणार, हे जातीवरून ठरू देऊ नका. काम जाहीर करा, मोबदला जाहीर करा, अर्ज मागवा. मोबदला चांगला असला तर सगळ्या वस्त्यांतून हात पुढे येतात.

हे सगळं बोलायची जागा ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आपल्याला माहीत आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. त्या सभेचं इतिवृत्त लिहिलं जातं का, ते बघा. आता पंचायतीत अर्ध्या जागा आपल्या आहेत. सरपंच बाई असली तर तिच्या मागे उभं राहा आणि कागद तिच्याच हातात राहू द्या.

गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला, नाडेपकाकांनी टाकं बांधलं, पुण्याच्या बायांनी ओळखपत्र मिळवलं. आपल्या वाट्याला वही आणि काटा आला आहे. येत्या सोमवारपासून आठ दिवस मोजणी करा, आकडे गटाच्या वहीत लिहा आणि पुढच्या महिला सभेत मोठ्यानं वाचून दाखवा.